बलिअर्पणाचे दाखले आणि सिप्रियनची पत्रे : इ. स. २५० च्या छळाची मूळ साधने

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांचा इतिहास अभ्यासावयास निघालेला विद्यार्थी बहुधा युसेबियसपासून प्रारंभ करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी पॅलेस्टाईनमधील कैसरिया येथे त्याने ख्रिस्ती मंडळीचा जो दशखंडात्मक इतिहास ग्रीक भाषेत लिहिला, तो हाती नसता तर कित्येक बिशपांची नावे, कित्येक ग्रंथांचे उतारे आणि कित्येक पत्रे कायमची लुप्त झाली असती. परंतु युसेबियस हा निवेदकही आहे आणि संग्राहकही आहे. निवेदक म्हणून तो जे सांगतो आणि संग्राहक म्हणून तो जे उतरवून घेतो, त्या दोहोंत पुष्कळदा अंतर असते. हे अंतर ओळखण्याची सवय लागल्याशिवाय मूळ साधनांचा अभ्यास सुरू झाला असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखात सम्राट डेशियसच्या कारकीर्दीतील छळाचे एकच प्रकरण घेतले आहे. ते निवडण्याचे कारण असे की, या एका वर्षाविषयी परस्परांपासून सर्वस्वी स्वतंत्र अशी दोन प्रकारची समकालीन साधने आपल्यापाशी आहेत : एक, ईजिप्तच्या वाळूत सापडलेले सरकारी दाखले; आणि दुसरे, कार्थेजचा बिशप सिप्रियन याचा पत्रव्यवहार. प्राचीन ख्रिस्ती इतिहासात असा योग क्वचितच येतो. शिवाय ज्या राजाज्ञेमुळे हे सर्व घडले, तिचा पाठ मात्र नष्ट झालेला आहे. आज्ञा काय होती हे तिच्या परिणामांवरून ताडावयाचे असल्यामुळे येथे साधनांची परीक्षा नीट होते.

प्रथम परंपरागत वृत्तांत पाहू. युसेबियसच्या मते डेशियसने आपल्या पूर्वीचा सम्राट फिलिप याच्या द्वेषापोटी मंडळीचा छळ मांडला. फिलिप हा ख्रिस्ती होता अशी वदंता युसेबियसने स्वतःच नमूद केली आहे. त्याच्याच पिढीतला लाक्टान्शियस याने छळकर्त्या सम्राटांच्या मरणांवर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात डेशियसचे वर्णन एखाद्या हिंस्र श्वापदासारखे केले आहे आणि त्याने राज्यपद मिळविले ते जणू मंडळीवर तुटून पडण्यासाठीच, असे सुचविले आहे. दोघेही घटनेनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, त्याहून भयंकर असा डायोक्लीशनचा छळ डोळ्यांनी पाहून झाल्यावर लिहीत होते. तो अनुभव त्यांनी मागे नेऊन डेशियसवर आरोपिला असावा, अशी शंका येण्यास जागा आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक इतिहासकारांनी हाच वृत्तांत थोड्याफार फरकाने स्वीकारला होता : सम्राटाने ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मान काढले, त्यांना शोधून बळी अर्पण करावयास लावले, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना शिक्षा केल्या.

डेशियस इ. स. २४९ च्या शरद ऋतूत व्हेरोनाजवळ फिलिपचा पाडाव करून सम्राट झाला, आणि २५१ च्या उन्हाळ्यात आजच्या बल्गेरियातील आब्रिट्टस येथे गॉथ लोकांशी लढताना मारला गेला. पुरी दोन वर्षेही त्याला मिळाली नाहीत. रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी मरण पावला. त्यावरून राजाज्ञा २४९ च्या अखेरीस किंवा नव्या वर्षाच्या अगदी आरंभी निघाली असली पाहिजे.

आता दाखल्यांकडे वळू. इ. स. १८९३ मध्ये फ्रिट्झ क्रेब्स या विद्वानाने बर्लिनच्या संग्रहातील एक पपायरस प्रसिद्ध केला. फायूम प्रांतातील ‘अलेक्झांडरचे बेट’ नावाच्या खेड्यातील ऑरेलियस डायोजेनिस नामक ग्रामस्थाचा तो अर्ज होता. अर्जदार सॅटाबुसचा पुत्र, वय बहात्तर, उजव्या भिवईवर व्रण. बलिअर्पणावर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या मंडळींना उद्देशून तो सांगतो की, आपण देवांना नित्य बळी अर्पण करीत आलो आहोत, आणि आताही आज्ञेनुसार आपल्यासमक्ष अर्घ्य सोडले, बळी दिला आणि बलिमांस चाखले; तरी खाली तसा शेरा मारून द्यावा. त्याखाली साक्षीचा शेरा, आणि डेशियसच्या सर्व बिरुदांसह त्याच्या राजवटीच्या पहिल्या वर्षाची तारीख. आपल्या कालगणनेने ती २६ जून २५० येते.

या एका चिठोऱ्याने केवढा फरक पडला, हे समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. सिप्रियनच्या लेखनात ‘लिबेल्लुस’ म्हणजे दाखला हा शब्द वारंवार येतो, आणि असा दाखला घेऊन सुटलेल्या ख्रिस्ती लोकांना तो ‘लिबेल्लातिकि’ म्हणतो. आपण त्यांना दाखलेवाले म्हणू. परंतु हा दाखला दिसत कसा होता, त्यात काय लिहिलेले असे, याविषयी केवळ तर्क चालत. १८९३ नंतर तर्काची गरज उरली नाही. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या संग्रहातून दुसरा दाखला प्रसिद्ध झाला. १९०४ मध्ये ऑक्सिऱ्हिंकस येथील एक निघाला. १९१० मध्ये पॉल मायर याने हॅम्बर्ग येथील एकोणीस दाखल्यांचा मोठा गट प्रसिद्ध केला. १९२३ मध्ये जॉन निप्फिंग याने तोवर ज्ञात झालेले एकेचाळीस दाखले भाषांतरासह एकत्र छापले, आणि अभ्यासाचा पाया तेव्हापासून तोच आहे. आज ही संख्या छेचाळिसाच्या आसपास आहे. संग्रहालयांच्या पेट्यांतून अधूनमधून एखादा नवा दाखला अजूनही बाहेर पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ल्यूथर कॉलेजच्या संग्रहातील एक प्रसिद्ध झाला.

हे सर्व दाखले ग्रीक भाषेत आहेत आणि सर्व ईजिप्तमधील आहेत. ज्यांच्या तारखा वाचता येतात ते सारे १२ जून ते १४ जुलै २५० या एका महिन्यातील आहेत. त्यांपैकी चौतीस तर फायूममधील थिआडेल्फिया या एकाच खेड्यातले. या गोष्टीचा अर्थ लावताना मात्र सावध असले पाहिजे. थिआडेल्फियात आज्ञेची अंमलबजावणी अधिक कडक होती असे यावरून म्हणता येणार नाही. ते गाव पुढे ओसाड पडले, वाळूखाली गेले, म्हणून तिथले कागद टिकले. आणि पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या हाती एखादा गठ्ठाच्या गठ्ठा लागला म्हणून ते युरोपात पोहोचले. कार्थेज, रोम, अँटिऑक येथे याहून कितीतरी अधिक दाखले लिहिले गेले असतील. त्यांतला एकही उरलेला नाही. साधनांची संख्या ही पुष्कळदा घटनेची मोजणी नसून हवामानाची मोजणी असते.

मूळ पपायरस हाती घेणाऱ्याला छापील पाठात न दिसणारी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे हस्ताक्षरे. थिआडेल्फियाच्या बऱ्याच दाखल्यांत अर्जाचा मजकूर एका लेखनिकाच्या सराईत हाताने लिहिलेला आहे. त्याखाली ‘ऑरेलियस सेरेनस आणि ऑरेलियस हर्मस यांनी तुम्हांस बळी देताना पाहिले’ अशा अर्थाचा शेरा दुसऱ्या हाताचा. मग हर्मसची सही तिसऱ्या, काहीशा अवघडलेल्या हाताची. आणि शेवटी तारीख पुन्हा पहिल्याच लेखनिकाची. म्हणजे लेखनिकाने मजकूर आणि तारीख आधीच लिहून मध्ये जागा मोकळी सोडलेली होती. कचेरीत ज्याने कधी अर्ज केला आहे, त्याला ही पद्धत समजावून सांगावयास नको. काही अर्जांवर अर्जदार निरक्षर असल्याने त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहिल्याची नोंद आहे. ऑरेलिया कारिस नावाच्या स्त्रीच्या एकाच दाखल्याच्या दोन प्रती सापडल्या आहेत. त्यावरून एक प्रत अर्जदारास व दुसरी दप्तरी, अशी व्यवस्था असावी असे अनुमान निघते. जवळजवळ प्रत्येक नावाआधी ‘ऑरेलियस’ किंवा ‘ऑरेलिया’ येते, कारण इ. स. २१२ मध्ये काराकल्ला याने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले आणि त्यांनी त्याचे कुलनाम धारण केले. ही सार्वत्रिक नागरिकता नसती तर डेशियसची सार्वत्रिक आज्ञाही बहुधा शक्य झाली नसती.

दाखल्यांपैकी सर्वांत बोलका आहे तो आर्सिनोए नगरातील ऑरेलिया अम्मोनूस हिचा. ही बाई पेटेसूखोस या मगररूपी देवाची पुजारीण होती, आणि तसे तिने अर्जात स्पष्ट नमूद केले आहे. जिचे आयुष्यच देवळात गेले तिनेही रांगेत उभे राहून आपण देवांना नित्य बळी अर्पण करतो असे लिहून द्यावयाचे होते. तिच्या दाखल्याच्या माथ्यावर दुसऱ्या हाताने ४३३ हा आकडा घातलेला आहे. म्हणजे क्रमवार नोंद ठेवली जात होती. ख्रिस्ती असल्याचा संशय या स्त्रीवर कोणी घेतला असेल, हे संभवत नाही. काही विद्वानांनी तसा खटाटोप करून पाहिला, पण तो जुन्या वृत्तांताला कसेही करून वाचविण्याचा यत्न होता. सरळ अर्थ असा की, आज्ञा सर्वांनाच लागू होती. दाखल्यांच्या मजकुरात ‘ख्रिस्ती’ हा शब्द कोठेही येत नाही, ख्रिस्ताला नाकारल्याचे वाक्य नाही, शपथ नाही. सम्राटाने प्रजेकडून मागितली होती ती देवांची पूजा, आणि तिचा लेखी पुरावा.

या निष्कर्षाचे महत्त्व पूर्वीच्या प्रथेशी तुलना केल्यास ध्यानी येते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा प्रांताधिपती प्लिनी याने ख्रिस्ती म्हणून आरोप झालेल्यांची परीक्षा धूप, मद्य आणि सम्राटाची मूर्ती पुढे ठेवून घेतली होती. परंतु ती आरोपितांची परीक्षा होती, आणि ख्रिस्ती लोकांचा शोध घेत फिरू नये असे ट्राजनने त्याला उत्तर दिले होते. डेशियसच्या आज्ञेने हा क्रम उलटला. आता फिर्यादी लागत नाही, आरोप लागत नाही. प्रत्येकानेच पुढे येऊन सिद्ध करावयाचे. जेम्स राइव्ह्ज याने १९९९ मधील आपल्या निबंधात याच गोष्टीवर भर दिला आहे : तोवर देवपूजा ही ज्या त्या नगराची बाब होती; व्यक्ती आणि साम्राज्य यांच्यात पूजेचे थेट नाते जोडणारी पहिली राजाज्ञा ती ही. मला हे मत मूलतः ग्राह्य वाटते. पुढे ख्रिस्ती सम्राटांनी प्रजेच्या धर्ममतांची जी सक्ती केली, तिची शासकीय चौकट, काहीशा विपरीत रीतीने, येथे प्रथम दिसते.

इथवर आल्यावर उत्साही विद्यार्थ्याला वाटेल की पपायरसांनी चर्चच्या लेखकांचा पराभव केला. अस्सल कागद सापडले, बखर बाजूस ठेवावी. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास घेतली, तेव्हापासून अस्सल पत्राविषयी आपल्या मनात जो आदर रुजला आहे तो योग्यच आहे. परंतु अस्सल असणे आणि खरे असणे या दोन गोष्टी आहेत. थिआडेल्फियाचा दाखला अस्सल आहे यात वाद नाही. त्यात लिहिलेले घडले होते काय, हे मात्र तो दाखला सांगू शकत नाही.

ते सांगतो सिप्रियन. पत्रसंग्रहातील पंचावन्नाव्या पत्रात, छळ ओसरल्यावर, तो एका सहकारी बिशपाला दाखलेवाल्यांची बाजू समजावून देतो. त्यांच्यापैकी एखादा अधिकाऱ्याकडे स्वतः जाऊन किंवा दुसऱ्यास पाठवून सांगत असे की, मी ख्रिस्ती आहे, मला बळी देता येत नाही, सैतानाच्या वेदीपाशी मी येणार नाही. म्हणून त्याबद्दल पैसे देतो. अधिकारी पैसे घेई आणि दाखला देई. म्हणजे ‘तुम्हांस बळी देताना पाहिले’ हा शेरा, हर्मसासारख्या कोणाच्या सहीसह, संपूर्ण अस्सल आणि संपूर्ण खोटा असू शकत होता. उपलब्ध दाखल्यांत असे किती असतील? एकही असेल किंवा दहा असतील. पपायरसावरून ते कळण्याचा मार्ग नाही, कारण खोटा दाखला खऱ्यासारखा दिसण्यासाठीच घेतलेला असतो. सिप्रियन नसता तर हा प्रश्नच आपल्याला सुचला नसता. आणि ऑरेलिया अम्मोनूस नसती तर सिप्रियनच्या वाचकाला ही आज्ञा केवळ आपल्या मंडळीविरुद्ध होती असेच वाटत राहिले असते. प्रत्येक साधन नेमके तेथे मुके आहे, जेथे दुसरे बोलते.

सिप्रियनच्या पत्रव्यवहाराची परीक्षाही तितक्याच कठोरपणे झाली पाहिजे. संग्रहात ८१ पत्रे आहेत. त्यांतील सुमारे सोळा इतरांनी लिहिलेली आहेत. इतिहासाच्या दृष्टीने हा संग्रह अमोल आहे, कारण छळाच्या महिन्यांतील पत्रे त्या त्या वेळीच लिहिलेली आहेत. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. तथापि ही पत्रे आपल्यापर्यंत का पोहोचली याचे उत्तर शोधले पाहिजे, आणि ते सिप्रियनच्या अडचणीत आहे. छळ सुरू होताच तो कार्थेज सोडून अज्ञातवासात गेला. बिशप होऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. मंडळीतील काही जुन्या वडिलांना त्याची निवड रुचली नव्हती. आणि रोमचा बिशप मरण पावला असता कार्थेजचा बिशप मात्र लपून बसला, ही गोष्ट उघड दिसत होती.

रोमच्या धर्माधिकाऱ्यांनी कार्थेजच्या धर्माधिकाऱ्यांना पाठविलेले एक पत्र संग्रहात आठव्या क्रमांकावर आहे. त्यात सिप्रियनच्या निघून जाण्याचा उल्लेख करून लगेच चांगला मेंढपाळ आणि भाडोत्री मेंढपाळ यांचा दृष्टांत आणला आहे. टोमणा कोणाला आहे हे सांगावयास नको. हे पत्र सिप्रियनच्या हाती पडले तेव्हा त्याने काय केले? नवव्या पत्रात त्याने प्रथम फेबियनच्या मृत्यूची प्रशस्ती केली, आणि मग ते आठवे पत्र रोमला परत पाठवून विचारले की, हे खरोखर आपलेच आहे काय? कारण ते कोणी कोणास लिहिले हे त्यात स्पष्ट नाही. आणि हस्ताक्षर, आशय, फार काय कागदसुद्धा पाहून आपल्याला संशय आला. पत्र बनावट आहे असे त्याला खरोखर वाटले होते की काय, याविषयी मला शंका आहे. लेखकांना आपले शब्द परत घेण्याची एक सभ्य वाट काढून दिली, असाच याचा अर्थ घ्यावासा वाटतो. पण त्यासाठी त्याने वापरलेल्या कसोट्या पाहा : प्रेषक, प्राप्तकर्ता, अक्षर, भाषा, कागद. कागदपत्रांची बाह्य आणि अंतर्गत परीक्षा म्हणून आपण वर्गात जे शिकवितो, ते तिसऱ्या शतकातील एका वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षकाला पूर्ण अवगत होते. आणि तो शस्त्र म्हणूनही त्याचा उपयोग करू शकत होता.

विसाव्या पत्रात तो रोमला कळवितो की अज्ञातवासात असताना आपण कर्तव्यात चुकलो नाही, आणि पुरावा म्हणून आपल्या तेरा पत्रांच्या प्रती जोडतो. संग्रहाचे मूळ अशा जोडपत्रांत आहे. हा एका बिशपाने स्वतःच्या बचावासाठी जुळविलेला दप्तराचा भाग आहे, हे वाचकाने एक क्षणही विसरता कामा नये. त्याच्या विरोधकांची पत्रे त्यात जवळजवळ नाहीत. जी आहेत, ती त्याला उपयोगी पडली म्हणून आहेत.

आणि तरीही त्याच कारणाने एक मोठा लाभ झाला आहे. एकविसावे आणि बाविसावे ही दोन पत्रे सिप्रियनची नाहीत. रोममधील सेलेरिनस याने कार्थेजच्या तुरुंगातील आपल्या मित्राला, लुशियनला, लिहिलेले एक. आणि लुशियनचे उत्तर हे दुसरे. दोहोंची लॅटिन अशुद्ध आहे, वाक्ये मध्येच तुटतात, व्याकरण डगमगते. व्याकरण शिकलेल्या कोणाही लेखकाने ती जपून ठेवली नसती. सेलेरिनसला आपल्या बहिणींच्या पतनाचे दुःख आहे, आणि त्यांना क्षमा मिळावी म्हणून तो बंदिवानांची करुणा भाकतो. एका स्त्रीविषयी तो सांगतो की तिने बळी द्यावा लागू नये म्हणून पैसे भरले होते, ती वर ‘तीन भाग्यदेवतां’पर्यंत चढून गेली आणि तेथूनच खाली आली, तिने बळी दिला नाही हे मला ठाऊक आहे. कार्थेजहून आलेल्या पासष्ट कबुलीकर्त्यांची या स्त्रियांनी बंदरावर जाऊन सेवा केली, हेही तो त्यांच्या बाजूने नमूद करतो. लुशियन उत्तरात दोन कोठड्यांत कोंडून उपासमारीने व तहानेने मारल्या जात असलेल्या आपल्या सोबत्यांची नावे देतो, आणि सर्वांना शांती म्हणजे मंडळीशी समेट देऊन टाकतो. रोमच्या रस्त्यावरून चढणारी, अर्ध्या वाटेवरून परतणारी ही स्त्री कोणत्याही हुतात्माकथेत सापडणार नाही. ती कथांना निरुपयोगी आहे. इतिहासाला मात्र तिच्यासारखी माणसे फार मोलाची, कारण बहुसंख्य माणसे शूरही नव्हती आणि निष्ठाहीनही नव्हती. ती त्या चढावर कोठेतरी मध्ये होती.

सिप्रियनने ही पत्रे जपली ती करुणेने नव्हे. लुशियन एका दिवंगत हुतात्म्याच्या नावाने समेटपत्रे सरसकट वाटत होता, आणि बिशपाचा अधिकार त्याने मोडीत निघत होता. हे रोमला दाखविण्यासाठी त्याने प्रती पाठविल्या. रोज हजारो अशी पत्रे वाटली जात होती, असे तो विसाव्या पत्रात म्हणतो. आकडा अलंकारिक असेल. पण शब्द पाहण्यासारखा आहे : या समेटपत्रांनाही तो ‘लिबेल्लुस’च म्हणतो. सरकारी वेदीवरून एक दाखला, आणि त्या पापातून सुटण्यासाठी तुरुंगातून दुसरा. मंडळीत कोण आत आणि कोण बाहेर हे कागदावर ठरविण्याची पद्धत राज्याकडून चर्चकडे अवघ्या काही महिन्यांत आली. २५१ च्या वसंतात परत आल्यावर सिप्रियनने बिशपांची सभा भरविली. तिने प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना मरणसमयापर्यंत प्रायश्चित्तात ठेविले, आणि दाखलेवाल्यांचे एकेक प्रकरण तपासून त्यांना परत घेण्याचे ठरविले. धूप जाळणारे, बळी देणारे, केवळ दाखला घेणारे असे जे वर्ग सिप्रियनच्या लेखनात दिसतात, ते नुसते धर्मशास्त्रीय वर्ग नव्हेत. त्यांच्यामागे हर्मस आणि सेरेनस यांच्यासारख्यांची कचेरी उभी आहे. रोममध्ये नोव्हेशियनने कोणालाच परत घेऊ नये असा पक्ष धरला आणि मंडळी दुभंगली.

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याची पत्रे युसेबियसने उतरवून घेतली आहेत, त्यांचा येथे थोडक्यात उल्लेख करतो. अँटिऑकच्या फेबियसला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की अलेक्झांड्रियातील छळ राजाज्ञेच्या एक वर्ष आधीच सुरू झाला होता, आणि तो जमावाने केला. म्हणजे फिलिपच्या राज्यात, जो ख्रिस्ती असल्याची वदंता त्याच ग्रंथात आहे! युसेबियसचे निवेदन आणि त्यानेच दिलेला उतारा यांतील विसंगतीचा याहून चांगला नमुना शोधून मिळणार नाही. वेदीपाशी पांढऱ्याफटक चेहऱ्याने, कापत येणारे लोक आणि त्यांना हसणारा जमाव यांचे त्या पत्रातील वर्णन सिप्रियनच्या ‘पतितांविषयी’ या पुस्तिकेतील वर्णनाच्या शेजारी ठेवून वाचावे. कार्थेजमध्ये, सिप्रियन म्हणतो, लोक आपण होऊन चौकाकडे धावले, आणि संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांना उद्या या असे सांगितले, तरी ते आजच घ्या म्हणून विनवीत राहिले. अलेक्झांड्रियाचे भय आणि कार्थेजची घाई दोन्ही खरी असतील. मात्र डायोनिशियस दयेची बाजू मांडत होता आणि सिप्रियन प्रायश्चित्ताची, हेही ध्यानात ठेवावे.

मग डेशियसच्या कृतीस ‘छळ’ म्हणावे की नाही? अलीकडील काही लेखक हा शब्द टाळतात, कारण उद्देश ख्रिस्ती लोकांचा नाश हा नव्हता. हे मला पटत नाही. उद्देश आणि परिणाम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. राजाज्ञेने सर्वांकडून एकच कृत्य मागितले. ते कृत्य पुजारणीला नित्याचे होते आणि ख्रिस्ती माणसाला अशक्य होते. जेरुसलेमचा वृद्ध बिशप अलेक्झांडर तुरुंगात मरण पावला, ओरिजेनचे हालहाल केले गेले, लुशियनचे सोबती कोठडीत उपाशी मेले. त्यांच्यापुरता सम्राटाच्या हेतूने काही फरक पडला नाही. दाखल्यांनी छळाचे कारण दुरुस्त केले आहे. त्याचे अस्तित्व खोडलेले नाही.

या विषयात उतरू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास एवढेच सुचवितो की, निप्फिंगचे भाषांतर वाचून थांबू नये. दाखल्यांचे ग्रीक सोपे आहे, सूत्रे ठरलेली आहेत, आणि एक पाठ नीट समजला की बाकीचे आपोआप उलगडतात. वर्षभर ग्रीक शिकलेल्याला ते झेपावेत. सिप्रियनसाठी लॅटिन अधिक हवी, परंतु ग्रीम क्लार्कच्या टीपा हाताशी असल्यास वाट चुकणार नाही. आठवे, एकविसावे आणि बाविसावे ही पत्रे मात्र मूळातच वाचावीत, कारण भाषांतरात त्यांचे व्याकरण नकळत सुधारले जाते आणि लेखकाचा सामाजिक दर्जा त्याबरोबर नाहीसा होतो.

नवव्या पत्रात ज्याची प्रशस्ती आहे त्या फेबियनचीही एक मूळ लेखी खूण उरली आहे. रोमच्या ॲपियन मार्गालगतच्या कालिस्टसच्या भुयारी दफनभूमीत दे रोस्सी याला १८५४ मध्ये बिशपांचे दालन सापडले. तेथील फुटक्या शिळेवर ग्रीक लिपीत फेबियनचे नाव आणि बिशप हे पद कोरलेले आहे. त्यापुढे ‘हुतात्मा’ या शब्दाचा संक्षेप म्हणून दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. ती अक्षरे बाकीच्या लेखाइतकी खोल नाहीत. मूळ लेख कोरून झाल्यावर, काही काळाने, दुसऱ्या कोणी ती घातली आहेत.